रुग्ण ‘बरं आहे’ म्हणतो, म्हणजे नेमकं किती बरं?

प्रश्न नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी हृदयरोग रुग्णालयाच्या क्वालिटी मॅनेजरचा आहे. मृत्युदर, ३० दिवसांतली पुन्हा भरती, हार्ट अटॅकच्या रुग्णाला दारातून बलूनपर्यंत (म्हणजे रुग्णालयात आल्यापासून बंद धमनी फुग्याने उघडेपर्यंत) लागलेला वेळ, जंतुसंसर्ग हे सगळं त्या दर महिन्याला मोजतात. आता व्यवस्थापनाचं म्हणणं आहे की रुग्णांनाच प्रश्नावली देऊन सेवेचा दर्जा मोजा. मॅनेजरबाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. याचा खरंच उपयोग होतो का? प्रश्नावली कोणती घ्यावी? आणि त्यावरून डॉक्टरांची तुलना करता येईल का? जोडीला एक तक्रारही आहे: “आमच्या रुग्णांना काहीही विचारा, ‘बरं आहे जी’ एवढंच म्हणतात.”

तिसरा प्रश्न आधी निकालात काढतो. डॉक्टरांची तुलना करू नका, त्याचं कारण पुढे येईल. पहिल्याचं उत्तर हो, पण माझ्या दोन अटी आहेत. रुग्णाचं उत्तर आधी त्याच्या डॉक्टरच्या टेबलावर पोचलं पाहिजे, तुमच्या अहवालात नंतर. आणि जे रुग्ण उत्तर द्यायला फिरकलेच नाहीत, त्यांचा आकडा अहवालाच्या पहिल्या ओळीत हवा. हे दोन्ही जमणार नसेल तर प्रश्नावलीच्या भानगडीत पडू नका. तेवढ्या पैशात हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसं काम करेनासं झालेल्या, रुग्णांसाठी एक चांगली नर्स ठेवा, रुग्णांचं जास्त भलं होईल.

एक घोळ सुरुवातीलाच मिटवू. डिस्चार्जच्या वेळी आपण जो फीडबॅक फॉर्म भरून घेतो, तो हा प्रकार नाही. जेवण गरम होतं का, सिस्टर नीट बोलल्या का, बिलाला किती वेळ लागला, हा झाला रुग्णाचा अनुभव. त्याचंही महत्त्व आहे, पण पार्किंगला पाचपैकी पाच मिळाले म्हणून कोणाची धाप कमी होत नाही. इथे मोजायचंय ते उपचारानंतर माणसाचं जगणं किती बदललं ते, त्याच्याच तोंडून. याला आमच्या क्षेत्रात ‘प्रॉम’ म्हणतात.

तुमचे सध्याचे मोजमाप चुकीचे नाहीत, फक्त ते एका टोकाला थांबतात. मध्यम आकाराच्या रुग्णालयात महिन्याला होणारे मृत्यू थोडे असतात. एखाद्या महिन्यात दोन वाढले की मीटिंग तापते, पुढच्या महिन्यात दोन कमी झाले की पेढे, आणि बहुतेक वेळा दोन्ही निव्वळ योगायोग असतो. दारातून बलूनपर्यंत ९० मिनिटांच्या आत पोचलात, उत्तम. पण सहा महिन्यांनी तो माणूस दुकानात बसतोय की घरच्या दिवाणावर, हे त्या ९० मिनिटांतून कळत नाही. इकोवरचं पंपिंगही (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) फसवं असतं. २५ टक्के पंपिंग असलेला माणूस सायकलवर भाजी आणताना मी पाहिलाय, आणि ५५ टक्केवाल्याला न्हाणीघरापर्यंत जाताना दम लागतो तेही पाहिलंय. इकोचा आकडा आणि माणसाला काय वाटतं, यांचं नातं फार सैल आहे.

राहिला न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनचा त्रासानुसार ठरणारा वर्ग, १ (सगळ्यात सौम्य) ते ४ (सगळ्यात वाईट). ही पद्धत १९२८ पासून चालत आली आहे. ती सोपी आहे, पण वर्ग ठरवतो डॉक्टर. ओपीडीत साठ माणसं बाहेर बसलेली असताना ‘वर्ग २’ लिहून आपण मोकळे होतो. मागच्या खेपेलाही वर्ग २ होता, त्यामुळे कोणाला काही खटकत नाही. अमेरिकेतल्या २५ हृदयरोग क्लिनिकांतला एक अभ्यास २०१६ मध्ये आला. मागच्या महिन्यात छातीत दुखल्याचं ज्या रुग्णांनी प्रश्नावलीत सांगितलं होतं, त्यांतल्या ४२ टक्के रुग्णांचा त्रास त्यांच्याच डॉक्टरांनी कमी लेखला होता. आपल्याकडच्या ओपीडीची गर्दी पाहता आपण त्यापेक्षा चांगले असू, असं मानायला मला तरी जागा दिसत नाही.

आता ‘बरं आहे जी’बद्दल. यात रुग्ण खोटं बोलत नाही. त्याने आपलं आयुष्य त्रासाच्या मापाचं करून घेतलेलं असतं. काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराचं उदाहरण देतो. दर दोन महिन्यांनी येतात, दर वेळी ‘बरं आहे’. दम लागतो का? “नाई लागत जी.” बागेत चक्कर होते का? होते. पूर्ण बागेची की विहिरीपर्यंत? इथे ते थांबले. शेजारी बसलेल्या पत्नी म्हणाल्या, “विहिरीपासीही कुठं जातेत, पोट्टाच पायते सारं.” म्हणजे दम लागत नव्हता, कारण दम लागेल असं काही ते करतच नव्हते. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं. चांगली प्रश्नावली हेच टाळते. ठरलेली कामं, ठरलेला काळ, ठरलेले पर्याय, आणि तेच प्रश्न तसेच पुढच्या वेळी.

हार्ट फेल्युअरसाठी मी केसीसीक्यू-१२ घ्या म्हणेन. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे डॉ. जॉन स्पर्टस यांनी मूळ २३ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. १२ प्रश्नांची छोटी आवृत्ती २०१५ ची. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये नव्या औषधांच्या चाचण्यांत परिणाम मोजायला मूळ प्रश्नावलीला मान्यता दिली. मिनेसोटाची २१ प्रश्नांची प्रश्नावलीही जुनी आणि चांगली आहे, फक्त तिच्यात आकडा वाढला की तब्येत बिघडली असा उलटा हिशेब असतो. दोन्ही एकत्र वापरलेल्या ठिकाणी गोंधळ झालेला मी पाहिलाय. एकच धरा.

केसीसीक्यू-१२ मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. तिचे चार भाग आहेत: शारीरिक मर्यादेचे तीन प्रश्न, लक्षणांचे चार (सूज, थकवा, धाप, बसून झोपावं लागणं), जगण्यातल्या समाधानाचे दोन, आणि घरकाम, छंद, नातेवाइकांकडे जाणं-येणं यांचे तीन. प्रत्येक भागाचं ० ते १०० मध्ये रूपांतर होतं आणि चौघांची सरासरी म्हणजे एकूण स्कोअर. १०० म्हणजे काहीच त्रास नाही. ढोबळमानाने २५ च्या खाली फार वाईट, ५० च्या खाली बेताचं, ७५ च्या वर चांगलं. ५ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका असतो, १० चा बऱ्यापैकी मोठा, २० चा खूप मोठा.

हिशेब एकदा हाताने करून पाहा, म्हणजे आकड्यामागचा माणूस दिसतो. समजा एका रुग्णाने आंघोळीला ५ पैकी ४ (५ म्हणजे काहीच अडचण नाही), सपाट रस्त्यावर थोडं चालायला ३ आणि घाईने चालायला १ दिला. सरासरी २.६७. त्यातून १ वजा करा, ४ ने भागा, १०० ने गुणा: आले ४२. लक्षणांत सूज आणि बसून झोपणं यांना पाच पर्याय असतात, थकवा आणि धाप यांना सात, म्हणून तिथे प्रत्येक प्रश्न आधी वेगळा शंभरात आणावा लागतो. समजा त्या भागाचे आले ५२, समाधानाचे ३८, घर-समाजाचे ३३. एकूण ४१. औषधं नीट लावली, तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं. शारीरिक ५८, लक्षणं ७९, समाधान ५०, घर-समाज ५०. एकूण ५९. म्हणजे १८ गुणांची वाढ, मीटिंगमध्ये टाळ्या पडतील अशी.

पण जरा भाग वेगळे करून बघा. लक्षणं २७ गुणांनी सुधारली, समाधान मात्र १२ नेच. सूज उतरली, रात्री आडवं झोपता येतं, तरी माणूस घराबाहेर पडत नाही, आणि उरलेलं आयुष्य असंच जायचं असेल तर कसं, या विचाराने खंगलेला आहे. बऱ्याचदा याचं कारण आपणच पेरलेलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी कोणीतरी ‘आता जपून राहायचं’ म्हणालेलं असतं आणि घरच्यांनी ते वाक्य फ्रेम करून लावल्यासारखं पाळलेलं असतं. या रुग्णाला आणखी लॅसिक्स (लघवी वाढवून सूज उतरवणारी ‘पाण्याची गोळी’) नको, त्याला हळूहळू चालायला लावणारा फिजिओथेरपिस्ट हवा. सरासरी बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. म्हणून अहवालात चारही भाग वेगवेगळे ठेवा.

आता जिथे सगळ्यात जास्त गडबड होते ती जागा. शारीरिक मर्यादेच्या प्रश्नांत एक पर्याय असा असतो: हे काम इतर कारणाने जमत नाही, किंवा केलंच नाही. त्याला गुण नसतात, तो प्रश्न हिशेबातून गळतो. आपल्या वयस्क बायकांमध्ये हा पर्याय भराभर येतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका आजींचं घर पहिल्या मजल्यावर, जिना उभा, दोन्ही गुडघे गेलेले. चालता येत नाही ते दमामुळे की गुडघ्यामुळे, त्यांनाही सांगता येत नाही. घरकामाचं विचारलं तर, “सून काई करूच देत नाई.” ही सुनेची माया आहे, आजींच्या हृदयाची परीक्षा त्यातून होत नाही. प्रश्न विचारणारी मुलगी नवखी असेल तर ती अंदाजाने ‘बराच त्रास’ वर खूण करते आणि स्कोअर पडतो. किंवा ‘त्रास नाही’ वर करते आणि स्कोअर फुगतो. तिला एवढंच शिकवा की अंदाज करायचा नाही. इतर कारण असेल तर तेच लिहायचं, आणि शेजारी पेन्सिलीने कारणही: गुडघे, मोतीबिंदू, घरचे करू देत नाहीत. महिन्याअखेर ही पेन्सिलीची टिपणं वाचायला बसा. माझ्या मते अर्धा दर्जा तिथेच सापडतो. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मेडिकलमधून स्वतःच पेनकिलर आणून खाणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला सूज का येते, याचं उत्तर त्या टिपणात असतं. त्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीवरही ताण आणतात.

छातीत दुखण्याच्या रुग्णांसाठी, म्हणजे अँजिओप्लास्टी आणि बायपासवाल्यांसाठी, प्रश्नावली वेगळी: सिएटल अँजायना प्रश्नावली, १९९५ ची, तिची सात प्रश्नांची आवृत्ती २०१४ ची. ती मागच्या चार आठवड्यांचं विचारते. किती वेळा दुखलं, जिभेखालची गोळी किती वेळा घेतली, किती कामं अडली. वारंवारितेचा स्कोअर १०० असेल तर महिनाभरात दुखलंच नाही, ३० किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रोज.

या प्रश्नावलीचा खरा उपयोग उपचारानंतर नाही, आधी आहे. हे वाक्य तुमच्या कॅथलॅबमध्ये, जिथे अँजिओप्लास्टी होतात, फार प्रिय होणार नाही, तरी लिहितो. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला तातडीने अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वाद नाही. वाद आहे तो स्थिर रुग्णांबद्दल, जो चालत ओपीडीत येतो आणि ज्याची टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी) पॉझिटिव्ह आहे. २००७ च्या करेज चाचणीत अशा रुग्णांना औषधांसोबत स्टेंट दिल्याने मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. तीन महिन्यांनी स्टेंटवाले ५३ टक्के आणि फक्त औषधंवाले ४२ टक्के वेदनामुक्त होते, तीन वर्षांनी तो फरक उरला नाही. २०२० च्या इस्केमिया चाचणीत, जिच्यात भारतातलेही रुग्ण होते, चित्र आणखी स्पष्ट झालं. ज्यांना रोज किंवा आठवड्याला दुखत होतं, त्यांच्यात वर्षभराने वेदनामुक्त झालेले स्टेंट किंवा बायपासच्या गटात साधारण ५० टक्के, फक्त औषधांच्या गटात २० टक्के, हा मोठा फायदा आहे. ज्यांना आधीच दुखत नव्हतं, त्यांना जगण्याच्या दर्जात जवळजवळ काहीच मिळालं नाही. मिळणार कसं? १०० चे १२० होत नाहीत.

म्हणून स्थिर रुग्णांच्या अँजिओप्लास्टीआधीचा सिएटल स्कोअर काढा आणि किती जणांचा आधीच १०० किंवा त्याच्या आसपास होता ते बघा. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा किंवा फार कमी पंपिंग अशी वेगळी कारणं असू शकतात, ती केसपेपरवर लिहिलेली असावीत. कारण लिहिलेलं नसेल आणि दुखतही नसेल, तर तिथे बसून बोलायची गरज आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा वर्तमानपत्रांत स्टेंट किती रुपयांचा यावर भरपूर छापून आलं. तो कोणाला लागतो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याचं थोडंफार उत्तर या सात प्रश्नांत आहे.

कधी विचारायचं? भरतीच्या वेळी विचारलेला हार्ट फेल्युअरचा स्कोअर हा रुग्णाच्या सर्वांत वाईट दोन आठवड्यांचा असतो. तिथून महिन्याभराने सगळेच सुधारतात, उपचार बेताचा असला तरी. त्या वाढीवर दर्जाचं प्रमाणपत्र लावू नका. डिस्चार्जनंतर दोन ते चार आठवड्यांनी पहिल्या ओपीडीत जो स्कोअर मिळतो तो पाया धरा, मग तीन महिने, मग बारा. बायपासनंतर दीड महिन्यात विचारलं तर छातीच्या हाडाचं दुखणं मध्ये येतं, सहा महिने थांबा.

आणि नागपुरात आहात, तर कॅलेंडर बघा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, दुपारी ११ नंतर धडधाकट माणूसही बाहेर निघत नाही. त्या पंधरवड्यात कोणी चाललं नाही, म्हणजे हृदय बिघडलं असं नाही. उलट काही रुग्ण घामाने कोरडे पडतात, बीपी खाली येतो, चक्कर येते, आणि ती पाण्याची गोळी कमी करायची वेळ असते. तेव्हा जानेवारीची सरासरी मेच्या सरासरीशी जोडून ‘घसरण’ म्हणू नका. मेची तुलना मेशी करा. लग्नसराईचंही तसंच. पंगतीतलं लोणचं, पापड आणि सावजी रस्सा यांचं मीठ आठवड्याभरात पायांवर दिसतं.

प्रवासाचा परिणाम तर कोणी लक्षातच घेत नाही. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा इथून येणारा रुग्ण पहाटेच्या बसमध्ये बसतो. चार-पाच तास, मध्ये लघवीची सोय भरवशाची नाही. तो काय करतो? आदल्या दिवशीपासून पाण्याची गोळी बंद. काही जण दोन दिवस आधीपासून. ओपीडीत पाय सुजलेले दिसतात, आपण डोस वाढवतो, घरी जाऊन तो वाढलेला डोस घेतो आणि चौथ्या दिवशी गळून पडतो. आमच्याकडे हे उलगडलं ते सुजेच्या प्रश्नावर एका रुग्णाने सहज विचारल्यामुळे, “आजचं सांगू का घरचं?” दूरच्या रुग्णांना आता आम्ही येण्याच्या आठवडाभर आधी फोनवर विचारतो आणि प्रवासाच्या दिवशीची गोळी पोचल्यावर घ्यायला सांगतो. अशा रुग्णांना पहिल्या वेळी आणि नंतरच्या प्रत्येक वेळीही फोनवरच विचारा. एकदा समोर बसवून आणि एकदा फोनवर असं केलं, तर फरक तब्येतीचा की पद्धतीचा ते कळणार नाही.

विचारणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या टीममधली नको. डॉक्टरांच्या समोर, किंवा रोज इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरसमोर, आपला रुग्ण ‘त्रास आहे’ म्हणत नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. समाजसेवा विभागातली व्यक्ती किंवा वेगळी कोऑर्डिनेटर चांगली. मुलगा-सून सोबत असतील तर त्यांना प्रेमाने बाहेर चहा घ्यायला पाठवा, नाहीतर उत्तरं मुलाची येतात. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं, पण छापलेल्या शब्दांत. समजावताना स्वतःची उदाहरणं जोडायची नाहीत. मराठीसोबत हिंदी आवृत्ती लागेलच, कारण तुमचे बरेच रुग्ण मध्य प्रदेशातून येत असणार.

मनाच्या तब्येतीचं वेगळं विचारावं लागतं. हृदयरोगात उदासी खूप आढळते आणि ती धाप-थकव्याच्या स्कोअरलाही खाली ओढते. पीएचक्यू या उदासी मोजणाऱ्या प्रश्नावलीचे दोन प्रश्न पुरेसे, त्यांत उदासी दिसली तर पूर्ण नऊ. फक्त एक सांभाळा: नवव्या प्रश्नात मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार विचारले जातात. ‘हो’ उत्तर आलं तर त्याच दिवशी, त्याच तासात कोणाला फोन करायचा, हे ठरल्याशिवाय तो कागद ओपीडीत आणू नका.

आता न आलेल्यांबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. समजा १०० रुग्ण नोंदवले. सहा महिन्यांनी ५८ जणांनी उत्तरं दिली, त्यांतले ४० जण ५ गुणांनी किंवा जास्त सुधारले. ११ जण वारले. ३१ जणांचा पत्ता नाही. तुमची स्लाइड म्हणेल ६९ टक्के रुग्णांत सुधारणा. खरी गोष्ट ही की १०० पैकी ४० जण सुधारल्याचं तुम्हाला माहीत आहे. मृत माणसाला स्कोअर नसतो, म्हणून तो सरासरीतून निघून जातो आणि सरासरी वर चढते. जितके जास्त गंभीर रुग्ण दगावतील तितका तुमचा आलेख सुंदर दिसेल! कॅथेटरने झडप बसवण्याच्या अभ्यासांत यावर चांगला तोडगा काढलाय. सहा महिन्यांत मृत्यू, किंवा स्कोअर ४५ च्या खाली, किंवा आधीपेक्षा १० गुणांनी घसरण, यांपैकी काहीही झालं तर निकाल वाईट धरायचा. मग मृत्यू हिशेबाबाहेर पळू शकत नाही. हार्ट फेल्युअरलाही हे तत्त्व लावता येतं.

बेपत्ता ३१ जणांचं काय? आधी त्यांचा पहिला स्कोअर आलेल्या ५८ जणांच्या पहिल्या स्कोअरशी ताडून बघा. बेपत्तांचा सुरुवातीचाच स्कोअर खूप कमी असेल तर तुमच्याकडे मुळात कमी आजारी होते तेच परत येतायत, असा अर्थ. मग फोन लावा. काही वारलेले असतात आणि घरच्यांनी कळवलेलं नसतं. काही ठणठणीत असतात आणि संत्र्याच्या हंगामात दवाखान्याला वेळ नसतो. काही सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीला किंवा एम्सला गेलेले असतात. आणि काहींनी औषधं परवडत नाहीत म्हणून चारांतली दोन बंद केलेली असतात, ते तुम्हाला तोंड दाखवायला लाजतात. महात्मा फुले योजनेतून प्रोसिजर फुकट झाली तरी महिन्याची औषधं खिशातून येतात. हे शेवटचे रुग्ण शोधण्यासाठी हा सगळा खटाटोप करावा, असं मला वाटतं.

डॉक्टरांची तुलना का नको, ते आता सांगतो. या स्कोअरमध्ये रुग्णागणिक फरक मोठा असतो, प्रमाण विचलन २० च्या वर. ५० रुग्णांची सरासरी काढली तरी ती सहज सहा गुण इकडे किंवा तिकडे असू शकते. म्हणजे डॉ. ‘अ’ ५८ आणि डॉ. ‘ब’ ६३ यात काहीच सिद्ध होत नाही. शिवाय ‘अ’कडे किडनी बिघडलेले, मधुमेही, दूरच्या गावचे रुग्ण जास्त असतील. वय, पहिला स्कोअर, सोबतचे आजार यांचा हिशेब लावून दुरुस्ती करता येते, पण त्याला शेकड्यांनी रुग्ण आणि एक संख्याशास्त्रज्ञ लागतो. आणि एकदा का स्कोअर पगाराला किंवा बोनसला जोडला, की ‘काका, बरं वाटतंय ना?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागतो, आणि अवघड रुग्ण हळूच दुसऱ्याच्या ओपीडीत ढकलला जातो. रुग्णालयाने स्वतःची तुलना स्वतःशीच करावी, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी.

डॉक्टरांना मात्र स्कोअर दिसलाच पाहिजे, केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात, मागच्या वेळच्या आकड्याशेजारी. ५ गुणांनी घसरला असेल तर एक प्रश्न जास्त विचारायचा: गोळी सुटली, मीठ वाढलं, नाडी अनियमित झाली, की घरी काही घडलं? स्कोअर कमी असूनही हार्ट फेल्युअरच्या चार मुख्य औषधांपैकी एखादं लावलेलं नसेल किंवा तीन महिने त्याच किरकोळ डोसवर असेल, तर का, ते लिहायचं. आमच्याकडे डॉक्टरांचा विरोध मावळला तो याच कोपऱ्यामुळे. सुरुवातीला ‘आणखी एक कागद’ म्हणून कुरकुर झाली. पण पाय न सुजलेल्या, ‘बरं आहे’ म्हणणाऱ्या रुग्णाचा आकडा ६६ वरून ५१ वर आलेला दिसला की हात आपोआप नाडीकडे जातो.

खर्चाचं थोडक्यात. या प्रश्नावल्यांचे हक्क राखीव आहेत, परवाना घ्या आणि अधिकृत भाषांतरच वापरा. घरच्या घरी केलेलं भाषांतर वापरलं तर तुमचे आकडे कोणाशीच ताडता येणार नाहीत. रुग्णाची संमती लेखी घ्या, आणि छापायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीकडे आधी जा. एका रुग्णाला पाच मिनिटं धरा. सुरुवात फक्त हार्ट फेल्युअरच्या ओपीडीपासून करा, आठवड्यातला एकच वार. कोऑर्डिनेटरला वेगळा मोबाइल नंबर द्या आणि डिस्चार्जच्या दिवशीच तो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. रुग्णालयाच्या लँडलाइनवरून आलेला फोन बरेच जण बिल बाकी असेल या धास्तीने उचलतच नाहीत.